पाठ असलेलं प्रिपोझिशन बोलताना का घसरतं

"मॅडम, सिन्स आणि फॉर मला पाठ आहे. शाळेत त्या प्रश्नाचे सगळे मार्क मिळायचे. पण फोनवर बोलायला लागलो की 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' असंच निघून जातं. फोन ठेवला की लगेच कळतं, चुकलं."

हे सांगणारा मुलगा एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. मी दिवसा मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांचा वर्ग घेते. या वर्गात दरवर्षी, दर बॅचमध्ये, पहिल्या पंधरवड्यातच कुणी ना कुणी हेच म्हणतं. शब्द वेगळे असतात, तक्रार एकच. नियम माहीत आहे, लिहिताना जमतं, बोलताना आणि घाईत मेल करताना पुन्हा तीच चूक होते. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज तिशीच्या आतबाहेर असलेल्या माणसाने दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरीही प्रिपोझिशनचा, म्हणजे इन, ऑन, सिन्स, फॉर अशा नामाआधी येणाऱ्या छोट्या शब्दांचा, खडा लागतोच. तेव्हा अभ्यास कमी पडला, डोकं चालत नाही, असं कुणी स्वतःला लावून घेऊ नये. बिघाड दुसरीकडेच आहे.

बिघाड कुठे आहे

आपण नियम शिकतो ते इंग्रजी शब्दाच्या बाजूने. 'सिन्स कधी वापरतात? काळाचा ठरावीक बिंदू असेल तेव्हा.' परीक्षेत प्रश्नही तसाच येतो. गाळलेली जागा समोर असते, कंसात दोन पर्याय असतात, आणि नियम आठवायला सवड असते. बोलताना यातलं काहीच नसतं. बोलताना मनात आधी येतं ते 'तीन वर्षांपासून'. त्यातल्या 'पासून'ला जो इंग्रजी शब्द चिकटलेला असेल तोच तोंडातून बाहेर येतो. सिन्सचा नियम सिन्सच्या घरात बसून राहतो, त्याला कुणी हाकच मारत नाही.

प्रत्येकाच्या डोक्यात नकळत एक तक्ता तयार झालेला असतो. त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन, ला म्हणजे टू, ने म्हणजे बाय, शी म्हणजे विथ, पासून म्हणजे सिन्स, पर्यंत म्हणजे टिल. हा तक्ता पूर्ण खोटा असता तर केव्हाच गळून पडला असता. तो निम्म्या वेळा बरोबर येतो म्हणूनच टिकून आहे.

एका भाषेचा प्रत्यय दुसऱ्या भाषेत तसाच उचलून नेता येत नाही, हे आपल्याला आपल्याच शेजारी दिसतं. हिंदी बोलणारा माणूस नव्याने मराठी शिकतो तेव्हा 'मी त्याच्याशी विचारलं' म्हणतो, कारण हिंदीत 'उससे पूछा' असतं. आपण 'त्याला विचारलं' म्हणतो. इंग्रजीत 'आस्क्ड हिम', म्हणजे मध्ये काहीच नाही. प्रेमाचंही तसंच. हिंदीत 'तुमसे', मराठीत 'तुझ्यावर', इंग्रजीत थेट 'लव्ह यू'. विचारणं तेच, प्रेम तेच, पण जोडणी प्रत्येक भाषेने आपापली ठरवलेली. 'वर का? मी काय तुझ्या डोक्यावर बसून प्रेम करतो?' असं आपण कधी विचारलं नाही. ते क्रियापदासोबतच तोंडात बसलं.

म्हणून मी नियम उलटे बांधून देते, इंग्रजी शब्दाला नाही तर मराठी प्रत्ययाला. 'पासून' मनात आलं की थांबा, इथे फाटा आहे. 'पर्यंत' आलं की थांबा. असे फाटे फार नाहीत. सगळ्यांत जास्त अपघात होणारे इथे घेते.

पासून

वर म्हटलेल्या मुलाची चूक आधी मिटवू. 'पासून'ला इंग्रजीत तीन वाटा आहेत, फॉर, सिन्स आणि फ्रॉम. कुठली घ्यायची हे मराठीतच तपासता येतं. 'पासून' काढून त्या जागी 'गेली' किंवा 'गेले' लावून बघा. 'तीन वर्षांपासून मी इथे काम करतोय', 'गेली तीन वर्षं मी इथे काम करतोय'. चाललं, तर फॉर. '2019 पासून मी इथे काम करतोय', 'गेलं 2019 मी इथे काम करतोय'. नाही चालत, तर सिन्स. 'सकाळपासून डोकं दुखतंय' याला 'गेली सकाळ डोकं दुखतंय' होत नाही, म्हणून सिन्स धिस मॉर्निंग. 'दोन तासांपासून' याला 'गेले दोन तास' होतं, म्हणून फॉर टू अवर्स.

ही कसोटी मला फार आवडते, कारण ती आपल्या कानावर चालते. कुठला काळ बिंदू आहे आणि कुठला मुदत, यावर विचार करत बसावं लागत नाही. 'गेली सकाळ' हे कानाला खटकतंच.

राहिला फ्रॉम. गोष्ट अजून सुरूच झालेली नसेल, किंवा सुरुवात आणि शेवट दोन्ही सांगायचे असतील, तर फ्रॉम. 'उद्यापासून सुट्टी' म्हणजे फ्रॉम टुमॉरो. 'सोमवारपासून शुक्रवारपर्यंत' म्हणजे फ्रॉम मंडे टू फ्रायडे. 'सिन्स टुमॉरो' कधीच होत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. फॉर-सिन्स सुधारलं तरी वाक्य अर्धंच सुधारतं, कारण मराठीत इथे वर्तमानकाळ असतो, 'राहतोय', 'करतोय'. म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स' होतं. इंग्रजीला मागून इथवर चालत आलेला काळ लागतो, 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स'. त्या मुलाला मी 'हॅव बीन' आणि 'फॉर' एका दमात म्हणायला लावलं. दोन वेगळ्या दुरुस्त्या म्हणून शिकवलं तर एक धरताना दुसरी सुटते.

पर्यंत

या एका शब्दाने कार्यालयांतून जेवढा गोंधळ होतो तेवढा बहुधा दुसऱ्या कुठल्याच शब्दाने होत नसेल. वर्गातल्या एका ताईंनी परदेशातल्या ग्राहकाला मेल केला होता, 'प्लीज सेंड द डॉक्युमेंट्स टिल फ्रायडे'. उत्तर आलं, कागद रोज पाठवायचे आहेत का, आणि शुक्रवारनंतर बंद करायचे का? ताई गोंधळल्या. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की शुक्रवारच्या आत पाठवा.

ग्राहकाचं काही चुकलं नव्हतं. टिल आणि अंटिल म्हणजे तोवर सतत चालू राहणारी गोष्ट. 'सेंड टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहा. मुदत सांगायला इंग्रजीत बाय लागतो. मराठीत दोन्हींना 'पर्यंत' पुरतं, कारण अर्थाचा भार आपलं क्रियापद उचलतं.

कसोटी अशी. 'पर्यंत'च्या जागी दोन वाक्प्रयोग घालून बघा, 'उशिरात उशिरा' आणि 'तोवर सतत'. 'उशिरात उशिरा शुक्रवारी कागद पाठवा' शोभतं, म्हणून बाय फ्रायडे. 'शुक्रवारपर्यंत कार्यालय बंद आहे' इथे 'उशिरात उशिरा शुक्रवारी बंद' म्हटलं तर अर्थच फिरतो. 'तोवर सतत बंद' हे बसतं, म्हणून अंटिल फ्रायडे. हप्ता भरणे, काम संपवणे, पोहोचणे, उत्तर देणे ही एका फटक्यात होणारी कामं, त्यांना बाय. थांबणे, राहणे, बंद असणे, वाट पाहणे ही रेंगाळणारी कामं, त्यांना अंटिल.

नकार आला की जरा सावध व्हा. 'शुक्रवारपर्यंत तो येणार नाही' यात न येणं तोवर सतत चालू आहे, म्हणून 'ही वोन्ट कम अंटिल फ्रायडे'. याचा सरळ अर्थ, तो शुक्रवारीच येईल. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हापुन्हा म्हणून घेते, कारण गावाकडे लग्नाची तारीख कळवताना किंवा कारखान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाची वेळ कळवताना नेमकं हेच लागतं.

हा 'पर्यंत' अंतराचा किंवा संख्येचा असेल तर टिल अजिबात नको. 'स्टेशनपर्यंत चालत गेलो' म्हणजे ॲज फार ॲज द स्टेशन. 'शंभर माणसांपर्यंत जागा आहे' म्हणजे अप टू अ हंड्रेड.

जाता जाता याच कुळातलं एक, 'दोन दिवसांत'. 'आय विल सेंड इट इन टू डेज' म्हणजे आजपासून दोन दिवसांनी पाठवेन. दोन दिवसांच्या आत केव्हाही, असं म्हणायचं असेल तर विदिन टू डेज. पैशांच्या मेलमध्ये हा फरक महागात पडतो.

घरी आणि घरात

इन, ऑन, ॲट हा तिढा सगळ्यांना भयंकर वाटतो. मला मात्र इथे मराठीचा अभिमान वाटतो, कारण हा फरक आपल्याकडे मुळात आहे, आपण तो वापरात आणत नाही एवढंच.

'आई घरी आहे' आणि 'आई घरात आहे' ही वाक्यं एक नाहीत. आई अंगणात तुळशीला पाणी घालत असेल, गच्चीत पापड वाळत घालत असेल, तरी ती 'घरी' असतेच. 'घरात' म्हटलं की ती उंबऱ्याच्या आत आली, अंगणात नाही. घरी म्हणजे ॲट होम, घरात म्हणजे इन द हाउस. शाळेत सप्तमीचे प्रत्यय म्हणून 'त, ई, आ' घोकलेले असतात. त्यातला ई बऱ्याचदा ॲटच्या जवळचा आणि त इनच्या जवळचा. ठिकाण नुसतं ठिकाण म्हणून घेतलं तर ॲट, त्याच्या चार भिंतींचा आतला भाग डोळ्यांसमोर असेल तर इन.

कोपऱ्याचंही तसंच. 'रस्त्याच्या कोपऱ्यावर थांब' म्हणजे ॲट द कॉर्नर, 'खोलीच्या कोपऱ्यात झाडू आहे' म्हणजे इन द कॉर्नर. आणि 'वेळेवर' म्हणजे ऑन टाइम, 'वेळेत' म्हणजे इन टाइम, शब्दाला शब्द जुळतो. गाडी वेळेवर आली म्हणजे ठरल्या मिनिटाला. आपण वेळेत पोहोचलो म्हणजे गाडी सुटायच्या आत. इथे कुणी भाषांतर केलं तरी चुकत नाही.

आता फसवणारा 'वर'. स्टेशनवर, स्टँडवर, नाक्यावर, विमानतळावर, कामावर. या 'वर'ला पृष्ठभागाशी काही देणंघेणं नाही. स्टेशनवर थांबलेला माणूस स्टेशनच्या छपरावर चढलेला नसतो. म्हणून ॲट द स्टेशन, ॲट द बस स्टँड, ॲट द एअरपोर्ट, ॲट वर्क. 'वर' आला की विचारा, खरोखर टेकलंय का? टेकलं असेल तर ऑन. एकाच माणसाचा ठावठिकाणा तीन पायऱ्यांत असा येतो. तो स्टेशनवर आहे, ॲट द स्टेशन. दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उभा आहे, पाय फरशीला टेकलेत, ऑन प्लॅटफॉर्म टू. पाऊस आला म्हणून वेटिंग रूममध्ये शिरला, इन द वेटिंग रूम.

डोक्यावर टोपी आहे आणि डोक्यावर पंखा आहे. मराठीत दोन्हीकडे 'वर'. टोपी टेकली, ऑन. पंखा टेकला तर दवाखाना गाठावा लागेल, म्हणून अबव्ह किंवा ओव्हर. भिंतीवरचं घड्याळ ऑन द वॉल, छताला अडकवलेला पंखाही ऑन द सीलिंग. तो खालून अडकवलेला असला तरी छताला टेकलेला आहे.

झाडाचा एक नमुना मला वर्गात नेहमी घ्यावासा वाटतो. आंबा झाडावर आहे आणि पोपट झाडावर आहे. आंबा झाडाचाच, देठाने चिकटलेला, म्हणून ऑन द ट्री. पोपट बाहेरून येऊन फांद्यापानांच्या दाटीत शिरलाय, म्हणून इन द ट्री. जूनमध्ये शाळेच्या आवारातल्या आंब्याखाली उभं राहून मुलांना हे दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. वर बघायचं, पोपट कुठे आहे? पानांच्या आत.

पत्त्याला सोपी शिडी आहे. मोठं ते इन, रस्ता आणि मजला ऑन, नेमकं घर ॲट. इन पुणे, इन सदाशिव पेठ, ऑन लक्ष्मी रोड, ऑन द सेकंड फ्लोअर, आणि घरनंबरासकट पूर्ण पत्ता असेल तर ॲट. 'आय लिव्ह ॲट पुणे' अर्जांमधून सर्रास दिसतं, ते इन पुणे करा.

वाहनांना चालण्याची कसोटी लावा. आत उभं राहून चार पावलं चालता येत असतील तर ऑन, म्हणून ऑन द बस, ऑन द ट्रेन, ऑन द प्लेन. वाकून बसावं लागत असेल तर इन, म्हणून इन द कार, इन द रिक्षा, इन अ टॅक्सी. ज्यावर टांग टाकून बसायचं त्याला पुन्हा ऑन, मग ती सायकल असो, बुलेट असो की घोडा.

वेळेचा ई

सोमवारी, सकाळी, रात्री. मराठीत तिन्हीकडे ई आहे, इंग्रजीत तीन वाटा, ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट. इथे प्रत्यय मदतीला येत नाही, ही तीन घरं लक्षातच ठेवायची. दिवस आणि तारीख ऑन, दिवसाचे भाग, महिने आणि सालं इन, घड्याळाची वेळ ॲट, आणि रात्र एकटी ॲटकडे. 'सोमवारी सकाळी' एकत्र आलं की दिवस जिंकतो, ऑन मंडे मॉर्निंग.

मी जास्त वेळ देते ते पुढच्या चुकीला, कारण ती नीट शिकलेल्यांकडूनही होते. 'पुढच्या सोमवारी', 'गेल्या सोमवारी', 'या सोमवारी', 'दर सोमवारी'. ई दिसला म्हणून आपण ऑन नेक्स्ट मंडे म्हणतो. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांतलं काही पुढे आलं की ऑन गळतो. नुसतं नेक्स्ट मंडे.

'शेवटी'चेही दोन अर्थ वेगळे काढा. 'शेवटी आम्ही रिक्षाने गेलो' म्हणजे एवढं सगळं झाल्यावर, इन द एंड. 'महिन्याच्या शेवटी पगार होतो' म्हणजे ॲट द एंड ऑफ द मंथ.

ने

'ने' आलं की आधी बघा, हे हत्यार आहे का. चाकूने कापलं, किल्लीने उघडलं, चमच्याने खाल्लं, तिन्हींना विथ. 'कट बाय नाइफ' म्हटलं तर चाकू स्वतःच कापायला उठल्यासारखं होतं. प्रवासाचं साधन असेल तर बाय, पण एका अटीवर. बायच्या मागे नाम मोकळं हवं, त्याला माय, युवर, द असं काहीच लागता कामा नये. बाय कार, बाय बस, बाय ट्रेन. 'माझ्या गाडीने आलो' म्हणजे इन माय कार. 'बाय माय कार' होत नाही. आणि 'पायी' म्हणजे ऑन फूट. शाईने लिहिणं मात्र इन इंक.

ला, आणि जिथे काहीच लागत नाही

'मी त्याला सांगितलं' म्हणजे आय टोल्ड हिम. 'मी मुंबईला पोहोचलो' म्हणजे आय रीच्ड मुंबई. 'मी लग्नाला हजर होतो' म्हणजे आय अटेंडेड द वेडिंग. 'तिच्याशी लग्न केलं' म्हणजे मॅरिड हर. मराठीत प्रत्यय आहे म्हणून इंग्रजीत काहीतरी घालायलाच हवं, असं मन ओढ घेतं. टोल्ड टू हिम, रीच्ड टू मुंबई, मॅरिड विथ हर हे सगळे त्या ओढीचे बळी. ही क्रियापदं कर्म थेट अंगावर घेतात.

उलटंही होतं, आणि ते ओळखायला जास्त अवघड, कारण मराठीत काहीच दिसत नाही. 'गाणं ऐकतो', 'फोटो बघ'. मराठी कर्म मोकळं आहे, इंग्रजीत लिसन टू द साँग, लुक ॲट द फोटो. 'बसची वाट पाहतो' म्हणजे वेट फॉर द बस. 'मला समजावून सांग' याला 'एक्सप्लेन मी' नाही, 'एक्सप्लेन इट टू मी'. पोहोचण्यासाठी रीचऐवजी अराइव्ह घेतलं तर पुन्हा वेगळं. शहराला इन, स्टेशनला ॲट, आणि घरी पोहोचलो तर काहीच नाही, अराइव्ड होम.

आता एक उलगडा, ज्याने माझ्या वर्गातल्या मेलमधल्या ढीगभर चुका बंद झाल्या. डिस्कस, रिक्वेस्ट, ऑर्डर, डिमांड, एम्फसाइझ, आन्सर ही क्रियापदं घ्या. 'वी डिस्कस्ड अबाउट द प्राइस', 'वी रिक्वेस्ट फॉर अ रिप्लाय', 'ही एम्फसाइझ्ड ऑन क्वालिटी'. आपल्या मेलमध्ये हे रोज असतं आणि तिन्ही चूक आहेत. मग ते अबाउट, फॉर, ऑन आले कुठून? नामाकडून सांडले. डिस्कशन अबाउट, रिक्वेस्ट फॉर, एम्फसिस ऑन, ऑर्डर फॉर, डिमांड फॉर, आन्सर टू हे बरोबरच आहे, आणि आपण ते शेकडो वेळा वाचलेलं असतं. नाम स्वतः कर्म धरू शकत नाही, त्याला मध्ये दुवा लागतो. क्रियापदाला हात आहेत, ते थेट धरतं. म्हणून 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्राइस', पण 'वी डिस्कस्ड द प्राइस'. वाक्य लिहून झालं की बोट ठेवून विचारायचं, हा शब्द इथे 'चर्चा' आहे की 'चर्चा केली'? केली असेल तर मधला शब्द खोडा.

राहिलेले झटपट

गणितात हुशार म्हणजे गुड ॲट मॅथ्स. चहापेक्षा कॉफी आवडते म्हणजे प्रेफर कॉफी टू टी, त्यात दॅन नाही. माझ्यापेक्षा सीनियर म्हणजे सीनियर टू मी. ज्युनियर आणि सुपीरियर यांनाही टूच. सापाची भीती म्हणजे अफ्रेड ऑफ. मदतीबद्दल आभार म्हणजे थँक यू फॉर. परिस्थितीशी जुळवून घेणं म्हणजे कोप विथ, मध्ये अप घालू नका. सहमत असणं माणसाशी असेल तर ॲग्री विथ, प्रस्तावाला असेल तर ॲग्री टू. लाकडाचं टेबल मेड ऑफ वुड, कारण लाकूड अजून दिसतंय. दुधाचं दही मेड फ्रॉम मिल्क, कारण दूध आता दूध राहिलं नाही.

वही कशी ठेवायची

प्रिपोझिशनची यादी करू नका. वहीच्या प्रत्येक पानाला मराठी प्रत्ययाचं नाव द्या. एक पान 'पासून', एक 'पर्यंत', एक 'वर', एक 'ला'. आपण स्वतः बोलताना किंवा मेलमध्ये चुकलेलं वाक्य त्या पानावर आधी मराठीत लिहायचं, खाली बरोबर इंग्रजी. चुकीचं इंग्रजी लिहून ठेवायचं नाही, नाहीतर तेच डोळ्यांत बसतं. क्रियापदाचा जोड असेल तर तो तुकड्याने न शिकता एकसंध म्हणायचा, वेटफॉर, लिसनटू, डिपेंडऑन, जसं 'वाट पाहणे' आपण फोडून शिकलो नाही. रोज दोन वाक्यं पुरेत, पण ती मोठ्याने म्हणा. चूक जिभेवर होते, डोळ्यांनी वाचून ती सुटत नाही.

त्या क्वालिटीतल्या मुलाने महिनाभर हे केलं. त्याच्या 'पर्यंत'च्या पानावरची वाक्यं सगळी कारखान्यातलीच होती, सुटे भाग बुधवारपर्यंत हवेत, मशीन दुपारपर्यंत बंद राहील. नियमांच्या पुस्तकातली वाक्यं त्याच्या फोनवर कधी आलीच नसती.

एवढं करूनही एक जागा अडते

सगळं सुधारलं तरी एक चूक शेवटपर्यंत मागे राहते. 'मी राहते ते घर' याचं इंग्रजी बहुतेक जण 'द हाउस आय लिव्ह' असं करतात. ऐकायला बरं वाटतं, पण काहीतरी गळलेलं असतं. कारण मराठीतच ते गळलेलं आहे. 'मी घरात राहते' यातला त, 'मी राहते ते घर' असं वाक्य फिरवल्यावर नाहीसा होतो. 'मी खुर्चीवर बसलोय' यातला वर, 'मी बसलेली खुर्ची' मध्ये उरत नाही. 'पेनाने लिहितो' यातला ने, 'मी लिहितो ते पेन' मध्ये जातो. इंग्रजी मात्र तो टाकत नाही, वाक्याच्या टोकाला ठेवते. द हाउस आय लिव्ह इन. द चेअर आय ॲम सिटिंग ऑन. द पेन आय राइट विथ.

प्रश्नांतही तसंच. 'कुणाची वाट बघताय?' म्हणजे 'हू आर यू वेटिंग फॉर?' आणि 'कशाबद्दल बोलताय?' म्हणजे 'व्हॉट आर यू टॉकिंग अबाउट?' वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये असं कुणी शिकवलं असेल तर ते बाजूला ठेवा. बोलण्यात आणि साध्या मेलमध्ये ते तिथेच संपतं. उपाय एकच, फिरवलेलं वाक्य मनात पुन्हा सरळ करायचं. 'मी राहते ते घर' नाही, 'मी त्या घरात राहते'. त सापडला की इन टोकाला लावायचा आणि मगच तोंड उघडायचं.